डाग मोजणारी

ग्रोनिंगेन, एकाहत्तरचा हिवाळा.
शाउक्ये हुकेमा तळघरात बसते,
दुधी काचेखाली दिवा, काचेवर फिल्म,
आणि डाग मोजते.
आधी ती स्टार्चच्या कारखान्यात बटाटे निवडायची,
म्हणून लहानमोठं तिच्या नजरेला कळतं,
असं प्राध्यापक पाहुण्यांना सांगतात.
ती हसत नाही.

स्फटिक मिठाच्या कणाएवढा.
केसासारख्या काचेच्या नळीत, आपल्याच पाण्याच्या थेंबाशेजारी,
दोन्ही टोकांना मेण.
वाळला की मेला.
तो वाढला ते अकरा आठवडे
थंड खोलीचं दार आम्ही चोरांसारखं ओढून घ्यायचो.

त्याच्या आत एकच एन्झाइम, अब्जावधी वेळा,
कवायतीला उभं.
कालव्यातल्या एका जिवाणूचं ते:
कारखाना जिथे पांढरा फेस सोडतो
तिथल्या गाळात राहणाऱ्या,
पिठाळ पाण्यातली साखर मोडून जगणाऱ्या.

क्ष-किरण आरपार जातात, विखुरतात,
फिल्मवर ठिपके उमटतात. गडद, फिकट, जेमतेम.
शाउक्ये त्यांना एक ते वीस गुण देते,
वहीत, पेन्सिलीने, पाठ ताठ ठेवून.
बावीस हजार डाग.
एकदा मी तिला समजावायला गेलो:
डाग सांगतो लाट किती उंच,
ती किनाऱ्याला कधी लागली ते सांगत नाही,
ते 'कधी' आम्ही पारा घालून, प्लॅटिनम घालून
कसंबसं काढून घेतो.
ती म्हणाली, म्हणजे पावती आहे, तारीख नाही.
पुढे प्रत्येक व्याख्यानात मी हेच वाक्य वापरलं.
तिचं नाव घेतलं नाही.

जूनमध्ये नकाशे तयार झाले.
पारदर्शक पत्र्यांवर समोच्च रेषा,
पत्र्यावर पत्रा, खालून उजेड.
ज्या मुलखात सगळ्यात उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध
तिथली आम्ही माणसं
ओणवी होऊन टेकड्या बघत होतो.
हा पिळा. ही पाठीची दोरी. इथे ती वळते.
आणि मधोमध, खिंडीत,
एक उंचवटा,
जो एन्झाइमचा नव्हता.

येल्मर म्हणाला, मोजण्यात चूक आहे.
तिने पुन्हा मोजलं. चार महिने.
उंचवटा तसूभर हलला नाही.

आम्ही तर काहीच घातलं नव्हतं.
जिवाणू फोडले, गाळले, धुतले, पुन्हा धुतले,
खारवले, गोठवले,
आणि एवढं सगळं होऊनही
त्याने ती साखर सोडली नव्हती.
गिळली नाही, थुंकली नाही.

शाउक्ये पत्र्यांपाशी आली. बराच वेळ पाहत राहिली.
मग कोटाची बटणं लावता लावता म्हणाली,
युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात
पश्चिमेकडची माणसं आमच्याकडे अन्न मागत यायची,
टायर नसलेल्या सायकलींवरून.
हार्लेमचा एक घड्याळजी होता.
चादरी आणल्या होत्या बदल्यात, आईने घेतल्या नाहीत.
उकडलेले बटाटे दिले, गोठ्यात निजायला जागा दिली.
सकाळी मी दूध काढायला गेले.
भिंतीला टेकून बसलेला, गाल फुगलेला.
मी नऊ वर्षांची होते.
मला वाटलं, चघळतोय.

कुणी काही बोललं नाही.
येल्मरने दिवा मालवला, मग उगीचच परत लावला.
ती जिना चढून गेली,
वर सायकलचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

लेखात त्या उंचवट्याला एक ओळ मिळाली:
'क्रियास्थानी अज्ञात रेणू, बहुधा शर्करा.'
अगदी तळाशी, बारीक टायपात, आभार.
मोजमापांसाठी, श्रीमती हुकेमा.
आडनावातलं एक अक्षर गळलेलं.

मी अंक घेऊन तळघरात गेलो, चूक दाखवली,
पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हणालो.
तिने नवी फिल्म काचेवर सरळ केली.
असू दे, म्हणाली,
आकडे बरोबर छापलेत ना?